धोबी कुणी मारला?

गेल्या आठवड्यात एका बाजार समितीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा आला: ‘सत्ताधाऱ्यांना धोबीपछाड’. अक्षर एवढं मोठं की चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता यावं. चष्मा घरी विसरलेला माणूस म्हणजे आमचे वस्ताद. वय ऐंशीच्या घरात, मान अजून बैलासारखी, आणि दोन्ही कान असे मोडलेले की मळलेल्या कणकेचे दोन गोळे डोक्याला चिकटवलेत असं वाटावं. त्यांनी पेपर हातभर लांब धरला, मथळा वाचला, फोटो न्याहाळला आणि मला विचारलं,

“ह्यो कुठल्या तालमीचा रं?”

“तालमीतले नव्हेत ते, वस्ताद. सभापती होणारेत.”

“मग धोबी कुणी मारला?”

“त्यांनीच.”

“कुणाला?”

“जुन्या सभापतींना.”

वस्तादांनी फोटो परत डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. मग त्यातल्या पोटावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यो खाली बसला तर उठंल का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमीतही नव्हतं. बातमीत एवढंच होतं की उमेदवार नऊ मतांनी निवडून आले.

वस्तादांनी टिंगल केली असं वाटून घेऊ नका. ते टिंगल करत नाहीत, त्यांना तेवढा वेळ नसतो. त्यांचा प्रश्न शुद्ध तांत्रिक होता. धोबीपछाड मारायचा तर आधी खाली बसावं लागतं. समोरच्याचा उजवा हात मनगटापाशी धरायचा, आपला उजवा हात त्याच्या काखेखालून घालायचा, गर्रकन फिरून आपली पाठ त्याच्या छातीला लावायची, आणि दोन्ही गुडघे मोडून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली न्यायची. मग हात खांद्यावरून पुढं ओढत गुडघे सरळ करायचे. समोरचा तुमच्या डोक्यावरून निघतो आणि धोब्यानं दगडावर चादर आपटावी तसा तुमच्या पुढ्यात येऊन पाठीवर पडतो. सगळं मिळून एक श्वास. ज्युडोवाले जवळजवळ हेच करतात आणि त्याला सेओइ नागे म्हणतात. त्यांचा खेळ १९६४ साली टोकियोत ऑलिंपिकमध्ये आला, आमचा धोबी मात्र पहिल्या पानावर आला.

या डावातली खरी मेख पुढंच आहे. हा मारताना तुम्ही शत्रूला पाठ दाखवता. मराठीत पाठ दाखवणं म्हणजे पळून जाणं. इथं पाठ दाखवणं म्हणजे आत शिरणं. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, कंबर दोन बोटं वर राहिली, की तुमची पाठ आयती त्याच्या मिठीत. तो मागून कंबर धरतो, तुम्हाला खाली घेतो आणि तुम्ही तोंडात माती घेऊन विचार करत बसता की कुठं चुकलं. म्हणून वस्ताद हा डाव कुणालाही पहिल्या वर्षी शिकवत नाहीत. माझ्या हातून तो सरावात बसला तो चौथ्या वर्षी, आणि कुस्तीत बसला तो एकदाच. समोरचा गडी त्या दिवशी तापानं फणफणला होता, हे मला नंतर कळलं. तरीही मी तो डाव आजतागायत सांगत असतो. सभापतींनी तो एका मतमोजणीत मारला, नऊ मतांनी.

आता त्या फोटोकडे या. माझा सगळा आठवडा त्या फोटोत गेला आहे.

फोटोत विजयी उमेदवार कार्यकर्त्यांच्या खांद्यावर आहेत. दोन्ही पाय जमिनीपासून चार फूट वर. एक हात एका कार्यकर्त्याच्या मुठीत, एक मांडी दुसऱ्याच्या मानेवर, तोल गेलेला, तोंड उघडं. हीच स्थिती तुम्ही कुठल्याही मैदानात कुठल्याही जाणकाराला दाखवा. तो सांगेल, हा कलाजंग आहे, आणि वरचा माणूस हरतोय. कलाजंगात असंच होतं. एक हात आणि एक मांडी धरून समोरच्याला आडवा खांद्यावर घ्यायचा आणि टाकायचा. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर मथळ्यात ज्यांनी डाव मारलाय त्यांच्यावरच फोटोत डाव चाललाय, आणि तोही त्यांच्याच कार्यकर्त्यांकडून. मथळा धोबीचा, फोटो कलाजंगाचा, आणि कुस्ती कोण जिंकलं ते बाजार समितीच्या कांद्यालाच ठाऊक. मी वस्तादांना हे दाखवलं तर ते म्हणाले, “टाकतील. आज न्हाई तर पुढच्या बारीला.” राजकीय विश्लेषण म्हणून वाहिन्यांवर चार-चार तास जे चालतं त्यापेक्षा हे एक वाक्य बरं वाटलं.

पेपरवाल्यांचं कुस्तीवर प्रेम नाही असं कोण म्हणेल? निवडणुकीच्या काळात आख्खा पेपर म्हणजे हौदा असतो. कुणी शड्डू ठोकतं, कुणी लंगोट कसतं, कुणी खडाखडी करतं, कुणी पट काढतं, कुणी चारी मुंड्या चीत होतं. जिल्हा परिषदेच्या आखाड्यात कोण उतरणार, विधानसभेच्या फडात कुणाची जोड कुणाशी, नुरा कुस्ती चाललीय का. ज्यांनी आयुष्यात एक जोर काढला नाही ते सगळे गडी मथळ्यात मात्र उघड्या अंगानं घुमतात. माझी तक्रार नाही. शब्द सगळ्यांचे असतात. पण घेताय तर पूर्ण घ्या ना. नुसता शब्द नको, नियमही घ्या.

गादीवरच्या कुस्तीत निवडणूक लढवून बघा. पहिली गोष्ट, वजन. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे गट ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. सकाळी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं, आणि १२५ च्या वर काटा गेला तर घरी. इथंच निम्मे अर्ज बाद. दुसरी गोष्ट, वेळ. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. तीन महिने प्रचार नाही. तिसरी गोष्ट, जो नुसताच उभा राहतो, काही करत नाही, त्याला पंच आधी तंबी देतात, मग ३० सेकंद देतात, तेवढ्यात त्यानं गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण. आमच्या प्रभागात हा नियम लावला असता तर मागच्या पाच वर्षांत समोरच्याचे गुण मोजायला वेगळा कारकून नेमावा लागला असता. चौथी गोष्ट माझी सगळ्यांत आवडती. रिंगणाबाहेर पाय पडला की समोरच्याला १ गुण. एक पाय पडला तरी. इकडून तिकडे, तिकडून परत इकडे, बाहेरून आत, आतून बाहेर, दर पावलाला एक गुण! गुणफलकाचा दिवा जळून जाईल. पाचवी गोष्ट, १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते, पुढचं भाषण नाही. आणि सहावी, संपल्यावर दोघांनी हात मिळवायचा, पंचांशी हात मिळवायचा, समोरच्याच्या वस्तादांशी हात मिळवायचा आणि गपगुमान कपडे घालायचे. हे सगळं कबूल असेल तर खुशाल धोबीपछाड लिहा. नाहीतर ‘नऊ मतांनी निवडून आले’ लिहा. त्यातही बातमी आहे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच दिवशीच्या त्याच पेपरात बाराव्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीच्या पोटात, दीड इंच बातमी होती. आमच्या तालमीतला एक पोरगा मोठ्या स्पर्धेच्या निवड चाचणीत जिंकला होता. बातमी अशी: ‘अटीतटीच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवत उपस्थितांच्या डोळ्यांचे पारणे फेडले. यावेळी व्यासपीठावर’ आणि पुढे एकवीस नावं. एकवीस. मी मोजली. त्यात एक नाव दोनदा होतं. पोराचं आडनाव चुकलं होतं.

अस्मान दाखवणं म्हणजे काय? समोरच्याची दोन्ही खांद्यांची पाती टेकवणं. तो उताणा पडतो आणि त्याला आभाळ दिसतं, म्हणून अस्मान. त्या दिवशी कुणाचीच पाती टेकली नव्हती. कुस्ती ३-२ गुणांवर झाली. पहिला गुण समोरच्याच्या निष्क्रियतेचा. मग आमच्या पोरानं एकेरी पट काढून २ घेतले. शेवटच्या मिनिटात समोरच्यानं पाठीमागं जाऊन ताबा मिळवला आणि २ नेले. उरलेले चाळीस सेकंद आमच्या पोरानं नुसत्या मनगटाच्या पकडीवर काढले, आणि ते चाळीस सेकंद हीच त्या दिवसाची कुस्ती होती. शिवाय सामने बंदिस्त हॉलमध्ये होते. तिथं एखादा उताणा पडला असता तरी त्याला अस्मान दिसलं नसतं. पत्रा दिसला असता, आणि पत्र्याला लटकलेला पंखा.

म्हणजे ज्या माणसानं आयुष्यात डाव मारला नाही त्याच्या नावावर पहिल्या पानावर अख्खा डाव, आणि ज्यानं तो मारला त्याच्या बातमीत डावाचं नाव नाही. एकेरी पट या दोन शब्दांना जागा किती लागते? एकविसाव्या पाहुण्याच्या आडनावाएवढी.

आता टीव्हीचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका वाहिनीची गाडी तालमीच्या दारात आली. ‘मातीतली माणसं’ किंवा तसलंच काहीतरी करायचं होतं. निवेदिका भली पोरगी होती, बूट दाराबाहेर काढून आली, हे आधी लिहून ठेवतो. पहिला प्रश्न तोच, जो १९८० पासून प्रत्येक पैलवानाला विचारला जातो: “रोज अंडी किती खाता?” पोरगं लाजलं, म्हणालं, “मी माळकरी आहे.” तिचा चेहरा पडला. मग बदाम किती, दूध किती, तूप किती. थंडाईचा पाटा-वरवंटा बाहेर काढून तो चार बाजूंनी टिपला. खुराकावर एवढा वेळ गेला की कॅमेऱ्यानं आमची तालीम पाहिली की खाणावळ हे मला अजून कळलेलं नाही. गवयाची मुलाखत घेताना कुणी विचारतं का, रोज पोळ्या किती?

मग माती उधळायची. वस्तादांनी त्याच सकाळी हौद्यात हळद, लिंबू, ताक, तेल घालून माती सारखी केली होती. कॅमेरावाला म्हणाला, मूठभर घ्या, वर फेका, मागून ऊन येतंय, मस्त दिसेल. पोरांनी फेकली. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त कुणी किती फेकली ते बघत राहिले. संध्याकाळी त्या हिशेबानं बैठका निघाल्या.

आणि मग ती म्हणाली, “एखादा डाव दाखवा ना. तो धोबीपछाड दाखवा.” हे नाव तिला कुठून माहीत? निवडणुकीच्या बातम्या वाचून.

आमच्या सगळ्यांत तयार पोरानं मारला. मी तालमीत पाहिलेल्या सगळ्यांत स्वच्छ धोबींपैकी तो एक. पाठ कधी वळली, कंबर कधी खाली गेली, काही दिसलं नाही. समोरचं पोरगं उभं होतं आणि मग पडलेलं होतं, मधलं काहीच नाही. वस्तादांनी ‘हूं’ केलं. त्यांनी ‘हूं’ करणं म्हणजे काय ते तालमीबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मी सात वर्षं होतो, मला एकदाही मिळालं नाही.

कॅमेरावाला म्हणाला, “दिसलंच नाही. जरा सावकाश करता का?”

वाचकहो, धोबीपछाड सावकाश होत नाही. सावकाश फटाका वाजतो का? सावकाश शिंक येते का? पण पोरं गुणी. त्यांनी सावकाश केला. सावकाश केल्यावर समोरचा जागचा हलेना, कारण सावकाश ओढलेला माणूस हलत नसतो. तिसऱ्या वेळी कॅमेरावाल्यानं पडणाऱ्या पोराला बाजूला घेऊन सांगितलं, “तू थोडी उडी मार.” त्यानं उडी मारली. हात पसरून, पाय फाकवून, देवळाच्या शिखरावरून माकड झेपावावं तशी. मातीत पडल्यावर ‘आऽऽ’ पण केलं. सगळे खूश. वाहिनीवर तोच लागला, मंद गतीत, मागं तुतारी आणि ढोल. पहिला, खरा, एका श्वासाचा, वस्तादांनी ‘हूं’ केलेला धोबी कुठंतरी खोडला गेला असणार.

तो खोटा धोबी तीन लाख लोकांनी पाहिला, असं पोरं मोबाइल दाखवून सांगतात. त्या तीन लाखांना आता ठाम माहीत आहे की कुस्तीत समोरचा माणूस स्वतःहून उडतो. त्यांचा तरी काय दोष? सिनेमातही तेच. नायक मांडीवर थाप मारतो, दहा गुंड येतात, एक पुढं येतो, बाकीचे नऊ रेशनच्या रांगेत असल्यासारखे आपला नंबर येईपर्यंत मागं डुलत राहतात. आणि नायकाचे कान बघा, एकदा नीट बघा. गुळगुळीत, गुलाबी, नुकत्याच उमललेल्या फुलासारखे. गोष्टीप्रमाणे त्यानं लहानपणापासून मातीत दिवस काढलेत. आमच्याकडे दोन वर्षांत कान मोडतो. घासून घासून आत रक्त साकळतं, सुजतं, आणि वेळेवर काढलं नाही तर ते तसंच घट्ट होतं. त्यांना पोटाच्या सहा वड्या घडवायला आठ महिने आणि मोठा खर्च परवडतो, एक कान मोडायचं कुणाला सुचत नाही. मेकअपमन कणकेचा सुद्धा करू शकेल.

कराटेवाल्यांचं दुखणं थोडक्यात सांगतो, कारण ते माझ्या शेजारीच क्लास घेतात आणि त्यांना वाटेल मी विसरलो. त्यांच्याकडे पेपरवाले येतात ते कौलं फोडल्यावरच. नुसती काता केली तर फोटोग्राफर म्हणतो, कौलं नाहीत का? कौलं रचताना प्रत्येकाच्या मध्ये पट्टी ठेवून फट सोडली की वरचं फुटून खालच्यावर पडतं आणि खालचं फोडायला मदतच करतं, हे तिथल्या सातवीच्या पोराला ठाऊक आहे. बातमीदाराला नाही. आणि काळा पट्टा मिळाला की ‘कराटेत पारंगत’. पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत शोदान म्हणतात, त्याचा अर्थ पहिली पायरी. पायरीवर उभ्या असलेल्या पोराला आपण पेपरातून थेट माळ्यावर चढवतो आणि वर्षभरात ते क्लास सोडतं, कारण आता शिकायचं काय राहिलं?

परत माझ्या पोरांकडे येतो. तुम्ही लोक पैलवानाला काय समजता हे मला माहीत आहे. पैलवानाचा मेंदू गुडघ्यात असतो, हे तुम्ही लहानपणी ऐकलंय आणि मोठेपणी लग्नात, ऑफिसात, एसटीत ऐकवलंय. पेपरात पैलवान दोनच ठिकाणी येतो, एक फेटा बांधून पाहुण्यांच्या मागं उभा आणि दुसरा गुन्हेगारीच्या पानावर. सिनेमात तो दारात हात बांधून उभा राहतो, आणि नायिकेच्या बापानं भुवई हलवली की लाथ खाऊन पडतो. ठीक आहे, गुडघ्यात तर गुडघ्यात. मग ऐका, गुडघ्यातला मेंदू काय करतो. समोरच्याच्या टाचेवर भार आलाय की चवड्यावर, हे तळहाताला त्याच्या मनगटातून कळतं आणि गुडघा ठरवतो आत जायचं की थांबायचं. तो विचार करून कळवायला वेळ नसतो, वेळ असता तर तुमचं डोकं वापरलं असतं. एकेका डावाला त्याचा तोड, त्या तोडाला पुन्हा तोड, ढाकेला तोड, मोळीला तोड, आणि हे सगळं पुस्तकात नाही, ते वस्तादाच्या शिव्यांत आहे, पहाटेच्या काळोखात आहे, गुडघ्याची दोरी तुटून आठ महिने कॉटवर पडलेल्या पोराच्या बापानं विकलेल्या म्हशीत आहे. या गावात असले शंभर गुडघे आहेत. त्यातल्या एकाचंही नाव तुम्हाला नीट लिहिता आलं नाही. आडनाव चुकवलंत. माझी सगळी चीड त्या आडनावाची आहे, धोबीपछाडाची नाही.

मी पेपरात फोन केला. पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला, “दुरुस्ती छापू, पण जागा कमी आहे.” तीन दिवसांनी पाहिलं, तर दुरुस्ती नव्हती. मथळा होता: ‘उपसभापतिपदासाठी रस्सीखेच’. निदान खेळ बदलला.

मथळे देणाऱ्या उपसंपादकांना एक विनंती आहे. आमची तालीम पहाटे साडेचारला उघडते. येताना लंगोट आणा. फावडं आमच्याकडे आहे, आणि हौदा रोज खालपर्यंत उकरावा लागतो. वस्तादांनी निरोप दिलाय की त्या फोटोतल्या पैलवानालाही सोबत आणलं तर चालेल, त्याचा खुराक त्यानं आणावा.